वळिवड्याला एक मिनिट

सकाळची मिरज पॅसेंजर.
कोल्हापुरात रूळ संपतात,
गाडी आल्या वाटेनंच परत निघते;
सन्मतीला हे अजून पटलेलं नाही.
"ह्याच्या पुढं कुठला देश?" तो विचारतो
आणि बफरच्या लोखंडाला बोटानं टोचून बघतो.
ह्याच्या पुढं रिक्षावाले आहेत बाळा,
त्यांच्या पुढं लक्ष्मीपुरी, धान्याची पोती.

खिशात त्याचा पासपोर्ट आहे:
आप्पांच्या बंद झालेल्या खात्याचं पासबुक,
दूध संस्थेचं, कोपरे कुरतडलेलं.
खरा पासपोर्ट कपाटात वरच्या फळीवर,
त्यातला फोटो रडका.

मार्चात आम्ही दोघंच फिरत होतो तिकडं.
त्याचे बाबा व्हिएन्नात कामाला, सुट्टी नव्हती.
मी, हा, एक ढकलगाडी, तीन किलो भडंग.
म्युनिकला गाडी बदलायला सात मिनिटं.
सात मिनिटांत एक जिना, दुसरा जिना, शी
आणि हरवलेला बूट.
मिळाला तो नेमका शांत डबा,
दारावर ओठांवर बोट ठेवलेल्या माणसाचं चित्र.
हा भर डब्यात ओरडला,
"आई, त्याचा दात दुखतोय!"
मग भडंग सांडलं. मी गुडघ्यांवर बसून
दाणा दाणा वेचला, एका परक्या बुटाच्या भोवतीनं.
बूट हलला नाही.

आल्प्स मी पाहिले नाहीत.
लोक विचारतात, मी हो म्हणते.
तो दंडावर झोपला होता, खिडकी त्याच्या पलीकडं,
हात बधिर; हलले असते तर उठला असता.
मला दिसला तो त्याचा कान,
बर्फाचा उजेड आरपार,
आत लाल शिरांची बारकी नदी.
तीन बोगद्यांत तो कान तीनदा विझला,
तीनदा पेटला.

क्राकोच्या गाडीत समोर एक म्हातारी.
कुठल्या, तिनं विचारलं. इंडिया.
इंडियात कुठं?
आता हिला काय सांगायचं,
मुंबईच्या जवळ, असं म्हणायच्या बेतात होते,
तोवर हा म्हणाला, "कोल्हापूर."
सफरचंद कापणारी सुरी थांबली.
"वालीवाडे," ती म्हणाली.
ळ तिला आला नाही.
मग बोटांवर: एक, दोन, तीन...
आणि अडली. खिडकीबाहेर बघत राहिली,
पुढचा आकडा शेतात कुठंतरी चरायला सोडल्यासारखी.
"चार," हा म्हणाला, तोंडात सफरचंदाची फोड.
आम्हा दोघींची भाषा तिथं संपली.
उतरताना तिनं ह्याच्या गालांवरून हात फिरवले
आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली,
कडाकडा, आपल्यासारखी.

युद्धात पोलंडची माणसं इथं राहिली होती,
छावणी होती, मला ठाऊक होतं,
जशी ठाऊक असते घराजवळची पाटी:
न वाचता.

वळिवडे. गाडी मिनिटभर थांबते.
एक सायकल, दोन शेळ्या, कडुलिंब.
"ती आजी इथं उतरणार ना?"
मी काही बोलत नाही.
गाडी हलते. तो आपलं आपणच ठरवतो,
"झोपलीय. मागच्या डब्यात. उठवू नको."

पुलावर चाकांचा आवाज बदलतो.
खाली पंचगंगा, कडेला धुणं, म्हशी.
"बॉर्डर!" म्हणत तो उभा राहतो
आणि पासबुक पुढं करतो समोरच्या माणसाला,
जो गुळाची ढेप मांडीवर घेऊन
रुकडीला निघालाय.
माणूस पासबुक उलटं करतो, सुलटं करतो.
फोटो नाही, म्हणून ह्याच्या तोंडाकडंच बघतो, बराच वेळ.
"किती दिवस मुक्काम म्हणायचा पाव्हणं?"
"जेवून परत येणार."
माणूस मान डोलावतो,
ढेपेवर अंगठा घासतो, पानावर दाबतो.
"जावा."

रात्री उशाखालच्या
त्या पानाला मुंग्या लागल्या होत्या.